दीड हजारात पाच घरं: दिवाळीची भेटटोपली घरीच कशी बांधायची?

दिवाळी आठ दिवसांवर आली की मिठाईच्या आणि सुक्यामेव्याच्या दुकानांपुढे चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या टोपल्यांची उतरंड लागते. पूर्वी हे पुण्या-मुंबईत दिसायचं, आता तालुक्याच्या गावीही दिसतं. टोपली मोठी, वर रिबीन, आत दोन-तीन बिस्किटांचे पुडे, एक सरबताची बाटली, मूठभर काजू आणि खाली भरपूर कागदाचं भुसकट. किंमत ऐकली की माणूस हात मागे घेतो. पण भाऊबीजेला बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं कसं, हा प्रश्न काही मागे जात नाही.

ही टोपली घरी करता येते, आणि चांगली करता येते. मात्र घरी केली म्हणजे आपोआप स्वस्त पडते, हा गैरसमज आहे. बाजारातून दहा वेगवेगळ्या वस्तू आणून घरी रचल्या तर ती दुकानातल्यापेक्षा महागही पडू शकते. पैसा नेमका कुठे वाचतो आणि कुठे गळतो, ते समजून घेण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या वडवणीतलं एक घर डोळ्यांपुढे ठेवू. घर कल्पनेतलं आहे, अडचण खरी आहे.

वडवणीच का?

बीडहून परळीला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव 1999 मध्ये तालुक्याचं ठिकाण झालं. आजूबाजूला बालाघाटच्या डोंगररांगा, शेती बरीचशी पावसावर, पिकं कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. आणि तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जाणारी.

अशा ठिकाणी दिवाळी पैशाच्या दृष्टीने अडनिड्या वेळी येते. सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, पण भाव बसलेला नसतो. ज्याला उद्याची निकड आहे तो मिळेल त्या भावाने माल घालतो. ज्यांना कारखान्यावर जायचं आहे त्यांच्या हातात मुकादमाकडून घेतलेली उचल असते. हातात नोटा दिसतात म्हणून ती कमाई वाटते. प्रत्यक्षात ते कर्ज असतं, पुढचे पाच-सहा महिने नवरा-बायकोने कोयता चालवून फेडायचं. त्यातले पाचशे रुपये चकचकीत टोपलीवर गेले तर ते किती मोळ्या ऊस तोडून भरून निघतील, हा हिशेब त्या घरातली बाई कुणापेक्षाही लवकर करते.

2025 साली तर गणित आणखी बिघडलं. सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली आणि महिन्याभरात दिवाळी दारात आली. त्या वर्षी अनेक घरांनी देणं-घेणंच बंद ठेवलं. त्यात गैर काही नाही. पण ज्यांना थोडं का होईना द्यायचं असतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

‘विषय धरून टोपली’ म्हणजे नवीन काय?

खरं तर काहीच नवीन नाही. शब्द इंग्रजी असला की वस्तू नवी वाटते, एवढंच. बाळंतविडा आठवा. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, बाळासाठी अंगडं-टोपडं, दुपटं. सगळं एकाच गोष्टीभोवती जमवलेलं. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, तेही तसंच. प्रवासाला निघणाऱ्याची शिदोरी तशीच: टिकणाऱ्या दशम्या, चटणी, सोबत कांदा.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. देणाऱ्याने आधी घेणाऱ्याचा एक दिवस डोळ्यांपुढे आणलेला असतो. बाळंतीण पहाटे उठून काय खाईल? प्रवासी दुपारी कुठे थांबेल? त्या दिवसाला लागणाऱ्या चार वस्तू एकत्र आल्या की विषय तयार. ‘लाल रंगाची टोपली’ किंवा ‘सोनेरी टोपली’ हे विषय नव्हेत, ती सजावट झाली.

याच कसोटीवर एक नेहमीची चूक लगेच पकडता येते. भाऊबीजेच्या टोपलीत उटणं आणि सुगंधी साबण घालायची पद्धत पडली आहे. पण उटण्याची आंघोळ नरक चतुर्दशीला होऊन गेलेली असते. भाऊबीजेला मिळालेलं उटणं पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात बसतं आणि तोवर त्याचा वास उडतो. उटणं द्यायचंच तर ते वसुबारसेच्या आत पोचायला हवं.

सरकारी पिशवीतून घेण्यासारखा धडा

महाराष्ट्रात अलीकडे सर्वांत जास्त घरांत गेलेली ‘विषय धरून बांधलेली’ दिवाळी भेट कोणती? माझ्या मते 2022 चा ‘आनंदाचा शिधा’. रेशन दुकानातून शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही तो लागू होता, म्हणजे बीडमध्येही.

राजकारण बाजूला ठेवून त्या पिशवीकडे बघा. चारच वस्तू, पण चारही एकाच कढईत जाणाऱ्या. डाळ दळून आणली की बेसनाचे लाडू, शेव, रव्याचे लाडू, तळायला तेल. पाचवी वस्तू बाहेरून आणावी लागली तरी ती किरकोळ. यालाच म्हणतात जुळणी.

आणि तिची दुसरी बाजूही तितकीच बोलकी. त्या वर्षी अनेक ठिकाणी शिधा वेळेवर आला नाही, कुठे एखादी वस्तू आली आणि बाकीच्या राहिल्या, अशा बातम्या येत होत्या. साखर आहे पण तेल नाही, अशी पिशवी दिवाळीच्या आदल्या दिवशी काय कामाची? एकमेकांवर अवलंबून असलेल्या वस्तू द्यायच्या तर त्या पूर्ण द्याव्या लागतात. नाहीतर तयार पदार्थच द्यावा.

घरगुती टोपलीत म्हणूनच मी तयार पदार्थांच्या बाजूने आहे. शिवाय रवा-डाळ कुणाच्याही दुकानात सारखीच मिळते. तुमच्या हातचा चिवडा फक्त तुमच्याच घरी मिळतो.

हिशेब: एक चूल, पाच टोपल्या

आता आपलं घर. हातात दीड हजार रुपये आहेत. द्यायचं आहे पाच ठिकाणी: माजलगावला दिलेली बहीण, ऊसतोडीला निघालेला चुलतभाऊ आणि त्याची बायको, मुलांच्या शाळेतल्या बाई, पुण्यात राहणारी आत्या, आणि गल्लीतलं असं एक घर जिथे यंदा दिवाळी नाही, कारण उन्हाळ्यात तिथला कर्ता माणूस गेला. खाली धरलेले भाव समजण्यापुरते आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून आकडे बदलून घ्या.

पैसे वाचवण्याची मुख्य युक्ती इथे आहे: पाच टोपल्यांसाठी पाच वेगळे पदार्थ करायचे नाहीत. सगळ्यांना पुरतील असे तीनच पदार्थ एकदम मोठ्या घाण्यात करायचे, आणि प्रत्येक टोपली दोन-तीन छोट्या वस्तूंनी वेगळी करायची.

पहिला पदार्थ चिवडा. दीड किलो पातळ पोहे 105 रुपये, 400 ग्रॅम शेंगदाणे 56, 200 ग्रॅम डाळवं 24, 100 ग्रॅम सुकं खोबरं 35, तेल 45, कढीपत्ता-मसाला-पिठीसाखर मिळून 25. एकूण 290 रुपयांत सुमारे अडीच किलो चिवडा होतो. प्रत्येक टोपलीत 400 ग्रॅम घातला तरी अर्धा किलो घरच्यांसाठी उरतो.

दुसरा, शेंगदाणा-गुळाचे लाडू. बेसनाचा लाडू मानाचा खरा, पण त्याला तूप लागतं आणि इथे अंदाजपत्रक तुपातच बुडतं. शेंगदाणे भाजून, सोलून, गुळासोबत कुटले की त्यांचंच तेल सुटतं आणि लाडू वळतो. वरून थेंबभर तूप लागत नाही. एक किलो शेंगदाणे 140, 700 ग्रॅम गूळ 42, वेलची 18. दोनशे रुपयांत साधारण चाळीस लाडू. प्रत्येकाला सहा दिले की तीस गेले, दहा घरात राहिले. (कुणी म्हणेल, हा तर संक्रांतीचा किंवा उपासाचा लाडू झाला. म्हणू द्या. पहिला खाल्ल्यावर बोलणं थांबतं.)

तिसरी, शेंगदाण्याची लसूण चटणी. अर्धा किलो शेंगदाणे 70, लसूण 20, तिखट 15, म्हणजे 105 रुपये. उखळात किंवा खलबत्त्यात कुटलेली असेल तर तिला तेल सुटतं आणि ती जास्त चवदार लागते. मिक्सरमध्ये केली तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवली की पूड होते.

तिन्ही मिळून 595. गॅसचे 55 धरा, कारण ते कुणी धरतच नाही. झाले 650. शेंगदाणे घरच्या शेतातले असतील तर यातला मोठा वाटा वाचेल. पण तेही फुकट नसतात. ते विकले असते तर पैसे आलेच असते.

राहिले 850. आता टोपल्या एकेक करून.

बहिणीची टोपली

बहिणीच्या टोपलीचा विषय शोधावा लागत नाही: माहेर. सासरी विकत मिळत नाही ते घालायचं. आईने चैत्र-वैशाखात केलेल्या कुरडया आणि पापड डब्यात असतातच, त्यांना आज वेगळा खर्च नाही. आणि बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला आणखी एक गोष्ट असते: सीताफळ. बालाघाटच्या डोंगरउतारावर ते आपोआप येतं. धारूरच्या बाजूचं सीताफळ प्रसिद्ध आहे, अंबाजोगाईला त्याच्यासाठी संशोधन केंद्र आहे आणि 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गावातल्या माणसाला त्याचं कौतुक नसतं, कारण ते रस्त्याकडेला पाटीत दिसतं. लांब दिलेल्या लेकीला विचारा.

सीताफळ निवडताना डोळे बघा. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पांढरट-पिवळसर दिसू लागल्या की फळ तयार आहे. असं फळ हाताला टणक असतानाच घ्या, दोन-तीन दिवसांत पिकतं. खाचा न उघडलेलं हिरवं फळ पिकत नाही, नुसतं काळं पडतं. भाऊबीजेला द्यायचं असेल तर पाडव्याला टणक घ्यावं. टोपलीत ते तळाशी, गवतावर किंवा कापडावर ठेवायचं. लाडवांच्या डब्यावर ठेवलेलं सीताफळ एसटीच्या एका खड्ड्यात फुटतं आणि मग चिवडा, खण, बांगड्या, सगळं गोड होतं.

सीताफळं 60, खणाचा तुकडा 80, बांगड्या 50. एकशे नव्वद. बांगड्यांचं माप माहीत नसेल तर बांगड्या घेऊच नका. अंदाजाने घेतलेली बांगडी हमखास एक तर चढत नाही किंवा गळते. ओवाळणीचं पाकीट मी या हिशेबात धरलेलं नाही. टोपली दिली म्हणून ताट रिकामं ठेवता येत नाही, हे भावांनी ध्यानात ठेवावं.

कारखान्यावर निघालेल्यांची टोपली

माझ्या मते पाचांतली ही सर्वांत महत्त्वाची टोपली, आणि सहसा हीच कुणी बांधत नाही. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात सुरू होतो. म्हणजे दिवाळी झाली की, कधी दिवाळीच्या आधीच, ट्रक-ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायकोचा एक ‘कोयता’, सोबत लहान मुलं, भांडीकुंडी, आणि पुढे उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोपीत राहणं. पहाटे अंधारात फडात जायचं, म्हणजे बाईने त्याच्याही आधी उठून भाकरी थापायची.

या माणसांना फराळाचा शोभेचा डबा देऊन काय उपयोग? त्यांचा पहिला आठवडा डोळ्यांपुढे आणा. चूल नीट बसलेली नाही, बाजार कुठे आहे माहीत नाही. अशा वेळी येसर कामाला येतो. धान्य, डाळी, धने-जिरे, खोबरं, मिरची भाजून दळलेली ही पूड मराठवाड्यात लग्नकार्यातल्या आमटीसाठी करतात. पाण्यात कालवून फोडणीत ओतली, उकळी आली की आमटी तयार. भाजी नसलेल्या दिवशी भाकरीला आधार. अर्धा किलो येसर घरी दळून आणायला चाळीसेक रुपये पडतील. चटणी आणि लाडू आधीच आहेत. चिवडा मुलांना प्रवासात.

वरून एक टॉर्च, 120 रुपयांची. कोपीभोवती रात्री साप-विंचू निघतात, त्यामुळे ही चैन नाही. आणि 50 रुपयांत चिकटपट्ट्या, कापसाची गुंडाळी, जखमेला लावायचं मलम. उसाचं पातं हात कापतं आणि कोयता पाय. एकूण 210.

हे सगळं कापडी पिशवीत घालून द्या. बांबूची टोपली ट्रॅक्टरवरच्या पसाऱ्यात चेंगरते. पिशवी मात्र वर्षभर वापरली जाते.

बाई आणि आत्या

शाळेतल्या बाईंची टोपली सोपी आहे: दुपारच्या चहाची. 40 रुपयांची चहापत्ती आणि 40 रुपयांत घरी कुटलेला सुंठ-वेलचीचा मसाला. सोबत चिवडा-लाडू. ऐंशी रुपयांत काम होतं. शिक्षकांना याहून महाग काही देऊ नये असं मला वाटतं; त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

पुण्याच्या आत्याला गाव पाठवायचं. येसर 40, कारळाची चटणी 40, घरची किंवा विकतची किलोभर ज्वारी 45. ज्वारीचं पीठ का नाही? कारण पीठ शिळं झालं की त्याची भाकरी थापताना चिरते आणि आत्या पहिल्याच भाकरीला नावं ठेवेल. गिरणी पुण्यातही आहे. पार्सलचे 80 धरले की 205 झाले. लांब जाणाऱ्या सामानात चिवडा पिशवीत भरू नका, पोहोचेपर्यंत भुगा होतो. डब्यात काठोकाठ भरा, म्हणजे हलायला जागा राहत नाही.

जिथे दिवाळी नाही, ते घर

आपल्याकडे घरात कुणी गेलं असेल तर त्या वर्षी तिथे कढई चढत नाही. फराळ शेजारी आणि भावकी पुरवते. ही रीत मागच्या पिढीला सांगावी लागत नव्हती. आता ‘त्यांना वाईट वाटेल’ या भीतीने लोक तिकडे जायचंच टाळतात, आणि त्या घरातली पोरं मात्र गल्लीभर वास घेत बसतात.

इथे टोपलीची सजावट पूर्ण गाळा. रिबीन नाही, शुभेच्छांचं कार्ड नाही, पणत्या नाहीत. स्टीलच्या साध्या डब्यात चिवडा, दुसऱ्यात लाडू आणि चटणी. मुलांसाठी 70 रुपयांत चित्रकलेची वही आणि रंगखडू. सुट्टीच्या त्या लांब दुपारी फटाक्यांपासून दूर बसलेल्या मुलाच्या हाताला काहीतरी काम मिळतं. डबा संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत, आणि शक्यतो घरातल्या बाईने स्वतः न्यावा. मुलाच्या हाती पाठवून मोकळं होऊ नये. थोडा वेळ बसावं. डबा परत करण्याची घाई नको, हेही तेव्हाच सांगून टाकावं, कारण आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत आणि त्यात काय घालायचं याची काळजी त्या घराला यंदा नको.

भांडं, कागद आणि गळणारा पैसा

आतापर्यंतच्या खास वस्तूंची बेरीज 190, 210, 80, 205 आणि 70, म्हणजे 755. हातात राहिले फक्त 95. आता कळतं की विकतच्या टोपल्या पाचही जणांना का परवडत नाहीत. साठ रुपयांची एक टोपली धरली तरी पाचांचे 300, वरचा कागद-रिबीन वेगळी. घरगुती भेटीचं अंदाजपत्रक खाण्याच्या वस्तूंवर सहसा मोडत नाही, ते अशा वरच्या सजावटीवर मोडतं.

म्हणून विकतची दुरडी एकच, बहिणीसाठी, 60 रुपये. ती बुरुडाकडून घ्यावी. तीच दुरडी पुढे भाकरी ठेवायला किंवा कांदे-लसूण ठेवायला वापरली जाते. आकार घेताना एक काळजी घ्या. छोटी परडी सुबक दिसते, पण मराठवाड्यातल्या अनेक घरांत परडी ही तुळजाभवानीची असते, जोगव्याची. ती भेटवस्तू भरायला वापरलेली काहींना रुचणार नाही. बाकी चौघांसाठी घरातले डबे, धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरण्या, जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्या. उरलेले 35 रुपये सुतळी आणि साध्या खाकी कागदाला. दीड हजार पुरे झाले.

गुंडाळायला कापडासारखं काही नाही. जपानमध्ये चौकोनी कापडात वस्तू बांधून द्यायची फुरोशिकी नावाची जुनी पद्धत आहे. प्लास्टिक कमी व्हावं म्हणून 2006 मध्ये तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तिचा मुद्दाम प्रचार केला होता. आपल्याकडे तिला गाठोडं म्हणतात आणि ते गरिबीचं समजलं जातं. बहिणीला द्यायच्या खणातच डबा बांधा: तो कापडाचा तुकडा भेटीचा भाग आणि वेष्टणही तोच.

चकचकीत प्लास्टिकबद्दल एक नियमही आहे. मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म 1 जुलै 2022 पासून देशभर बंद असलेल्या एकदा वापरायच्या वस्तूंच्या यादीत आहे. दुकानात ती अजून दिसते, हा भाग वेगळा. आणि तेलकट पदार्थ वर्तमानपत्रात बांधणं 2018 च्या खाद्यपदार्थ वेष्टणाच्या नियमांत मना आहे, कारण छपाईची शाई तेलात उतरून पोटात जाते. चिवड्याच्या तळाशी पेपर घालायची आपली सवय जुनी आहे, पण ती सोडलेली बरी.

टिकणार किती?

घरच्या फराळाला कुणी तारीख लिहीत नाही. ती लिहावी. कागदाच्या चिठ्ठीवर ‘अमुक तारखेला केला’ एवढंच पुरे. नीट भाजलेला चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा-वीस दिवस कुरकुरीत राहतो. शेंगदाणा-गुळाचे लाडू तेवढेच, पण शेंगदाणे खवट नसतील तरच. म्हणून दळण्याआधी चार दाणे चावून बघा. एक खवट मूठ पूर्ण घाणा बिघडवते. लसणाची चटणी करताना लसूण तव्यावर चांगला परतून ओलावा घालवला तर ती दोन-तीन आठवडे राहते, कच्चा लसूण घातला तर आठवड्यात संपवावी.

खव्याचे पदार्थ टोपलीत घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन दिवसांच्या वर त्यांचा भरवसा नसतो. सणाच्या दिवसांत खव्याच्या भेसळीच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि प्रवासात तो नासला की दोष तुमच्या नावावर.

सगळ्यांत जास्त फराळ बिघडतो तो घाईने भरल्यामुळे. गरम चिवडा डब्यात घालून झाकण लावलं की आतल्या वाफेचं पाणी होतं, पोहे मऊ पडतात, पुढे बुरशी. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावा, रात्रभर लागला तरी चालेल. लाडू आणि चिवडा एका डब्यात कधीच नको: लाडवाचा ओलावा चिवडा ओढून घेतो, आणि लसूण चटणीचा वास दोघांनाही लागतो. चटणी नेहमी वेगळ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत.

कधी काय करायचं?

घाई टाळायची तर काम उलट्या क्रमाने बसवा. आत्याचं पार्सल सर्वांत आधी निघायला हवं, म्हणजे चिवडा आणि चटणी दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी. ऊसतोडीची टोळी कधी निघणार हे मुकादम ऐनवेळी सांगतो, त्यामुळे त्यांची पिशवीही त्याच दिवशी भरून ठेवावी. टॉर्चमध्ये सेल घातलेत ना, ते लावून बघावं. लाडू त्यानंतर तीन-चार दिवसांनी केले तरी चालतात, फक्त त्या दोन टोपल्यांपुरते बारा आधी वळून घ्या. बाईंची टोपली शाळेला सुट्टी लागायच्या आत. दुःखातल्या घरी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी. आणि बहिणीची दुरडी सर्वांत शेवटी, पाडव्याच्या रात्री भरायची: खाली सीताफळं, मध्ये डबे, वर कुरडया, आणि दांडीला खणाची गाठ. सकाळच्या माजलगाव गाडीत ती मांडीवर घेऊन बसायची, वरच्या फळीवर टाकायची नाही.